झाकणापासून भिंतीपर्यंत

कारपार्कच्या कडेला सगळे प्राणी रांगेत उभे करून ठेवले होते. नाक तुटलेलं अस्वल, पाठीवर शेवाळ चढलेलं रानडुक्कर, दोन कोल्हे, एक टर्की, आणि सगळ्यांत मागे ताडपत्रीखालून शिंगं बाहेर आलेला तो मोठा स्टॅग, म्हणजे नर हरीण. फोमचे असले तरी वर्षानुवर्षं पावसात उभे राहून त्यांना एक जनावरपण आलं होतं. रान विकलं गेलंय, महिनाअखेर तिरंदाजीच्या क्लबनं जागा सोडायची आहे, असा क्लबातल्या मॉरीनचा मेसेज आला होता. खाली एक ओळ होती: "तुझ्या भावाचा भाता अजून शेडमध्ये लटकतोय."

म्हणून मी आले होते. इंग्लंडातल्या मेडनहेडहून बाहेर पडलं की वीसेक मिनिटांत हे बीचच्या झाडांचं रान लागतं. शेडचं दार उघडलं आणि तो वास आला. धनुष्याच्या दोरीला लावायचं मधमाशीचं मेण, ओलं चामडं, लाकडी बाणांचं वॉर्निश आणि कोणीतरी केव्हातरी सांडलेला चहा. वासाला कसली वर्षं समजतात? मी दारातच थांबले. आता दादा आतून ओरडेल, "चिमणे, दार लाव ना, थंडी येऊन राहिली!" असं क्षणभर वाटलं. दादा नागपूरला आहे. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

भाता खुंटीवर होता. चामडं कडक झालं होतं. आत एकच बाण होता, पिवळ्या पिसांचा. तो मी लगेच ओळखला.

मी या देशात नोकरीला आले ते दादाच्याच घरी. वहिनी त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या छोट्या मुलीला, मैत्रीला, घेऊन नागपूरला गेली होती. का गेली, कोणाचं चुकलं, ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि आता लिहिणार नाही. घरात खेळण्यांचा एक डबा होता आणि त्यावर धूळ होती, एवढं सांगितलं तरी पुरे. दादा ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा. "मीठ दे" आणि "गुड नाइट" यांच्यामध्ये काही नसायचं. ज्या माणसानं आख्ख्या गल्लीत आरडाओरडा करून मॅचेस जिंकल्या, तो असा गप्प झालेला बघून मला भीती वाटायची.

तो बोलायचा तो फक्त रविवारी, या रानात.

कशानं इथं आला कोण जाणे. ऑफिसातल्या कोणाबरोबर एकदा आला आणि मग येतच राहिला. इथं धनुष्यानं शिकार करायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे जनावरं फोमची, पण रिवाज सगळे शिकाऱ्यांचे. पाऊल दबकं, बोलणं हलकं. धनुष्यही जुन्या धाटणीचं, साध्या लाकडाचं, त्याला ना दुर्बीण ना नेमाची काडी. जमिनीत एक रंगीत खुंटी ठोकलेली असते. तिच्याशी उभं राहायचं, झाडीतून जनावर बघायचं, अंतर नजरेनं ठरवायचं आणि बाण सोडायचा. अंतर कुठंही लिहिलेलं नसतं. सगळ्यांचे बाण सुटेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम मॉरीन पहिल्याच दिवशी सांगायची. ती तेव्हा सत्तरीला टेकलेली, क्लबच्या सुरक्षेची जबाबदारी तिच्याकडे, आवाज खर्जातला. "खरं हरीण आहे असं समज. एका बाणात मरणार नसेल, तर ते जखमी होऊन तीन दिवस झुडपात पडून राहील. खात्री नसेल तर धनुष्य खाली घे. खाली घेण्यात कमीपणा नाही."

दादानं आईला फोनवर हे सांगितलं.

"जयभीम म्हणून फोन उचलतोस, रोज पंचशील म्हणतोस, अन् रविवारी हरणावर बाण मारून राहिला तू?"

"अगं आई, फोमचं हरीण आहे."

"हरीण फोमचं असेल. तुझ्या मनातलं तर खरंच आहे नं?"

दादा त्या दिवशी खूप दिवसांनी हसला. "आई," तो म्हणाला, "मनातलं पण मरत नाही गं. माझा बाण त्याच्या डोक्यावरून जातो."

ते खरं होतं. दादाचा बाण वरून जायचा. डावीउजवीकडे नाही, खाली नाही, नेहमी वरूनच. कोल्ह्याच्या कानांवरून, डुकराच्या पाठीवरून, सरळ रेषेत, सुंदर. सुटण्याचा आवाज इतका स्वच्छ की ऐकणाऱ्याला वाटावं, लागलाच. आणि मग पलीकडे मातीच्या बांधात तो 'थप्' आवाज. कधी इथल्या गारगोटीवर आपटून बाण मोडल्याचा आवाज. दर रविवारी आम्ही तुटक्या काड्या गोळा करून घरी यायचो.

अंतर ओळखायला मॉरीननं त्याला एक युक्ती दिली होती. "आकडे विसर. तुझ्या हाडात मुरलेली एक लांबी शोध. ती जमिनीवर अंथर. एकदा बसते, दीड वेळा बसते, की दोनदा, एवढंच बघ." ती स्वतः तिच्या वडिलांच्या भाजीच्या मळ्याच्या लांबीनं मोजायची. दादाला विचार करावा लागला नाही. नागपूरच्या पोराच्या हाडात दुसरं काय असणार? क्रिकेटची पिच. बावीस यार्ड.

मग आमचं सगळं आयुष्यच पिचमध्ये मोजलं जाऊ लागलं. सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये ट्रॉली ढकलत दादा थांबायचा. "तो लाल गाडीवाला खांब. सांग." "दीड पिच." "पावणेदोन." मग पावलं टाकून मोजायचं. वसंतात ब्लूबेल्सची रानफुलं यायची आणि सगळं रान निळ्या धुरात बुडायचं, तेव्हा जमिनीचा अंदाजच येईना. उन्हाळ्यात नेचा कमरेएवढा वाढे आणि हरवलेला बाण शोधताना हात खाजून लाल होत. पानगळीत मात्र सगळं मोकळं. उजेड तिरपा आणि बीचच्या पानांचा तो सुक्या तंबाखूसारखा वास. वरती घारी शीळ घालत फिरायच्या. त्या ऋतूत दादा भरपूर बोलायचा. मैत्रीबद्दल, वहिनीबद्दल, बाबा गेले त्या वर्षाबद्दल. धनुष्य हातात असलं की त्याची जीभ सुटायची.

पावलांनी मोजलं की दादाचा अंदाज नेहमी जास्त निघायचा. "माझ्या टांगा लांब आहेत," तो म्हणायचा. "जमीन उतरती आहे." "मध्ये खड्डा आहे, नजर फसते." मी चिडवायचे, नाचता येईना अंगण वाकडं. मॉरीन सांगायची, थोडं कमी धर. पण किती कमी आणि कशातून कमी? खुंटीशी उभं राहून दोरी ताणली, श्वास अडकला, की शिकवलेलं सगळं गळून जायचं आणि हाडातलं तेवढं उरायचं. त्यानं डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम होते. ते ऐकून तो जास्तच खचला.

माझे बाण मात्र लागायचे. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी क्लबात जरा भावही खायचे. माझं धनुष्य हलकं, पोरीबाळींचं. बाण सुटला की जरा पुढं जाऊन मान टाकायचा आणि बरोबर जनावराच्या छातीत शिरायचा. अंदाज माझाही दादासारखाच जास्तीचा होता, पण बाणाच्या मरगळीनं तो झाकला जात होता, हे मला ठाऊक नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

आणि मग ऑक्टोबरातला तो रविवार आला.

स्टॅगची खुंटी रानाच्या टोकाला होती. मध्ये घळ, पलीकडे चढावर स्टॅग, त्याच्यामागे मातीचा बांध, बांधावर जाळी. आणि जाळीच्या मागे, काटेरी झुडपांच्या पलीकडून, गावातल्या लोकांची पायवाट. दादानं दोरी ओढली. सोडली. बाण स्टॅगच्या शिंगांवरून गेला, बांधावरून गेला, जाळीच्या वरच्या दोरीला पिसं घासून गेला. 'थप्' आवाज आलाच नाही.

आम्ही सगळे तो आवाज ऐकायला थांबलो होतो. तो न आल्यावर रानात जी शांतता झाली, ती मला आजही झोपेतून उठवते.

मग पलीकडून एक कुत्रा भुंकला.

झुडपातून एक बाई आली. रेनकोट, चिखलाचे बूट, एका हातात कुत्र्याचा पट्टा आणि दुसऱ्या हातात पिवळ्या पिसांचा बाण. तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीत रुतला होता. ती ओरडली नाही. "हा तुमचा असावा," एवढंच म्हणाली आणि तिनं बाण पुढं केला. दादा बाण घ्यायला पुढं गेला आणि घेता घेता मटकन खाली बसला. कुत्रा येऊन त्याचं तोंड हुंगायला लागला.

कमिटी बसली. मॉरीन स्वतः घरी आली सांगायला, चहाही घेतला नाही. पुढच्या रविवारी दादानं तिच्यासमोर सगळी फेरी मारायची. तोवर बांध आणखी उंच करतील, वर दुसरी जाळी लावतील, स्टॅगच्या खुंटीवर असताना पायवाटेवर माणूस शिट्टी घेऊन उभा राहील. एक जरी बाण बांधावरून गेला, तरी त्यानं पुन्हा या रानात धनुष्य उचलायचं नाही. "मला तू आवडतोस," ती दारात म्हणाली. "पण ती बाईही मला दिसते. रोज."

"बरोबर आहे," दादा म्हणाला.

तो आठवडा आमच्या घरात पुन्हा मिठापुरतं बोलणं उरलं. गाडीची किल्ली त्यानं माझ्याकडे दिली. रस्ता ओलांडताना तो लांबून येणाऱ्या बसकडे नुसता बघत थांबायचा, बस जाईपर्यंत. शनिवारी भांडी घासता घासता एकदम म्हणाला, "चिमणे, माझ्या नजरेवर माझाच भरोसा नाही राहिला. मला जे लांब वाटते ते लांब नाही, जवळ वाटते ते जवळ नाही. तुझ्या वहिनीच्या बाबतीत पण असंच झालं असेल का गं?"

त्याच्यापासून हे रान सुटलं, तर तो पुन्हा त्या गप्पपणात बुडेल आणि या खेपेला वर येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत होते.

रविवारी धुकं होतं. मॉरीन पुढं, दादा मध्ये, मी मागे. पानं ओली, पाय वाजत नव्हते. अस्वल लागलं, पण पार मानेवर, निसटतं. कोल्ह्याची पाठ घासून बाण बांधात गेला. डुकराच्या पाठीत वरच्या कडेला अडकला. दर वेळी दोरी कानापाशी यायची आणि मी श्वास धरायचे. बाण कशाततरी रुतल्याचा आवाज ऐकला की सोडायचे. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. अंदाजपंचे दाहोदरसे चाललं होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. स्टॅगच्या आधी मॉरीन म्हणाली, "जेवून या."

रानाला लागूनच गावाचं क्रिकेटचं मैदान आहे. सीझन संपला होता. मध्ये दोरी बांधून पिच राखलेली, पांढऱ्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. मी पोळीभाजीचा डबा उघडला. दादा खाईना. दोरी ओलांडून आत गेला, बोलिंगच्या रेघेवर उभा राहिला आणि समोर बघत राहिला.

"ही मोठी का वाटून राहिली गं?"

"काय मोठी?"

"पिच. काउंटीवाल्यांची जास्त असते का?"

"दादा, जगात सगळीकडे बावीसच असते."

"मग आपली तर याहून लहान वाटायची. त्या झाकणापासून भिंतीपर्यंत."

झाकण. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

आमच्या नागपूरच्या गल्लीत एका टोकाला भिंत होती, तिच्यावर कोळशानं ओढलेले स्टंप. दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड. दादानं कुठून तरी टेप आणून बावीस यार्ड मोजले होते, ते लिंबापाशी आले होते. मी तेव्हा सहा वर्षांची. मला बोलिंग पाहिजे म्हणून मी रडून गल्ली डोक्यावर घेतली. टाकला तर बॉल अर्ध्यात दोन टप्पे खाऊन निजायचा. पोरं हसायची. त्यांच्यातला पम्प्या म्हणाला, हिला घरी पाठव. त्या दिवशी दादानं बॉल उचलला, लिंबापासून चालत पुढं आला आणि गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं, त्यावर पाय आपटला. 'ठण्' वाजलं. "आजपासून बोलिंग इथून," तो म्हणाला. पोरांनी गलका केला. दादा म्हणाला, "हीच आपली बावीस यार्ड. ज्याला खेळायचं नसेल त्यानं जावं." कोणी गेलं नाही. बॅट त्याची होती.

मी झाकणावर उभी राहिले. तापलेलं लोखंड, तळव्याला चटका, खालून गटाराचा वास. बॉल टाकला. एकच टप्पा पडून भिंतीला लागला. माझ्या आयुष्यातले जे थोडे सोन्याचे दिवस आहेत, त्यातला तो एक.

पुढं मी मोठी झाले, माझा बॉल पोचायला लागला, पण झाकण कोणी हलवलं नाही. दादा तिथूनच खेळला, कॉलेजात जाईपर्यंत. करणारा विसरला होता. जिच्यासाठी केलं तिला आठवत होतं.

"दादा," मी म्हणाले, "आपली पिच आखूड होती. तू माझ्यासाठी आखूड केली होती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग रेघेवरून पुढं चालत आला, हळूहळू, समोरच्या स्टंपांच्या जागेवर डोळे ठेवून. एका ठिकाणी थांबला. जरा मागे सरकला. गवतावर पाय आपटला. आवाज झाला नाही, पण आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"इथं होतं," तो म्हणाला.

मागची पांढरी रेघ बरीच दूर होती. आखूड मापानं मोजलं की अंतर जास्त भरतं, म्हणूनच त्याचा बाण वरून जायचा. दादानं वळून रेघेकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे डोळे बरोबर आहेत माझे." आणि तोंड फिरवून नाक पुसलं. आमचं अंगणच खरोखर वाकडं होतं.

स्टॅगच्या खुंटीशी आलो तेव्हा धुकं उठत होतं. आता काही बोलायचं नाही. मी हात पाठीमागे बांधले. घळीतून थंड वारा येत होता. दादानं बाण दोरीला लावला. तोच पिवळ्या पिसांचा. त्यानं तो का निवडला असेल? दोरी ओढली. बाणाचं टोक वर गेलं, जुन्या सवयीनं, शिंगांच्या वर. थांबलं. त्याच्या खांद्यात थरथर सुरू झाली. ओढलेली दोरी तशीच परत आणणं सोडण्याहून अवघड असतं. आणली त्यानं. धनुष्य खाली घेतलं.

तेवढ्यात पलीकडून शिट्टी वाजली. पायवाटेवर कोणी येत होतं. मॉरीननं हात वर केला. कोणीतरी लहान पोर बोबडं गाणं म्हणत चाललं होतं, झुडपांमागून एक लाल टोपी सरकत गेली. आम्ही तिघं खांबासारखे उभे होतो. दादाचे ओठ पांढरे पडले होते. गाणं लांब गेलं. दुसरी शिट्टी झाली. मॉरीननं हात खाली केला, पण बोलली नाही. पुढचं त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

दादानं डावा पाय उचलला आणि ओल्या पानांवर आपटला.

मग दोरी ओढली. टोक वर जाऊ लागलं आणि त्यानं ते खाली आणलं. आणखी खाली, छातीच्याही खाली, मला वाटलं आता जमिनीत मारतोय. त्याचे डोळे एक सांगत होते आणि हात दुसरं ऐकत होता. मी डोळे मिटले.

धप्प. मातीचा नव्हे, फोमचा आवाज.

पुढच्या पायामागे, जिथं काळीज असतं तिथं. मॉरीन जाऊन बघून आली. "हे तीन दिवस झुडपात पडणार नाही," ती म्हणाली. दादानं धनुष्य पानांवर ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मोठमोठ्यानं रडला. मीही रडले. लाजबीज काही वाटली नाही.

त्यानंतर एक हिवाळा आणि एक वसंत आम्ही हे रान पायाखाली घातलं. मग दादा नागपूरला परत गेला, वहिनीकडे आणि मैत्रीकडे. भाता विसरला की ठेवून गेला, मी विचारलं नाही. ती गल्लीही राहिली नाही आता, सिमेंटच्या रस्त्याखाली झाकण बुजलं. आणि इथं आता स्टॅगच्या जागी ओल्या मातीत चार खळगे तेवढे आहेत.

भाता घेऊन मी रानाच्या टोकाला गेले, स्टॅगच्या खुंटीशी उभी राहून त्या खळग्यांकडे बघितलं. डोळ्यानं एक अंतर सांगितलं. मी त्यातून थोडं काढून टाकलं. हे मी आता न विचारता करते, रस्त्यावर, ट्रेनच्या फलाटावर, कुठंही. एवढं कमी केलं, की बरोबर येतं.

परत जाताना मैदान लागलं. पिचभोवती दोरी होती. मी ओलांडली, पांढऱ्या रेघेवरून पुढं चालत गेले आणि ती जागा आली तिथं थांबले. खांद्यावर भाता होता. फोन लावला.

"बोल चिमणे," दादा म्हणाला. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि मैत्रीचा आवाज. "रानात गेली होती का? मिळाला भाता?"

"मिळाला."

"मग आता कुठं आहे तू?"

"झाकणावर."

पलीकडे कुकर वाजत राहिला.

"मग थांबून का राहिली?" तो म्हणाला. "टाक ना बॉल. तिथून पोचते."